समोरचा उतार

सुरवाल्द, ९ एप्रिल

ओन्ना,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र न फोडताच ड्रॉवरमध्ये टाकशील, असं धरूनच लिहायला बसले आहे. टाक खुशाल. पण जमलं तर आधी वाच, कारण यातली गोष्ट तुला दुकानातल्या नेसाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेली बरी.

समोरच्या उतारावर खांब उभे राहिलेत. प्लाउंका नावाच्या कुरणात, लार्चच्या झाडांच्या रांगेखाली. शहरातल्या कुठल्याशा कंपनीला तिथं तीन इमारती बांधायच्या आहेत. आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. आधी खांब रोवून दाखवायचं, भिंत कुठून कुठवर येणार, छप्पर किती उंच जाणार. मग गावानं उन्हाळाभर ते डोळ्यांखालून घालायचं आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हो की नाही ते सांगायचं. सकाळी स्वयंपाकघराचा पडदा सारला की आता मला कुरण दिसत नाही. भिंती नसलेलं, हवेतच उभं असलेलं घर दिसतं.

खांब रोवायला चार माणसं आली होती. त्यातला एक तुझा रुई. आधी ओळखलंच नाही, बराच जाड झालाय. दुपारी बाकीचे तिघे लुरेनच्या खानावळीत जेवायला गेले आणि हा एकटा दगडावर बसून डब्यातलं खात होता, तेव्हा ओळखलं. मी खिडकी लावून घेतली. वारा होता.

नेसा सांगते की त्या घरांसाठी आत्तापासून नावं नोंदवून घेतायत आणि तुमचंही नाव आहे. नेसाच्या जिभेला हाड नाही, पण खोटं बोलायची तिला सवय नाही. तर ऐक. मी या बांधकामाच्या विरोधात उभी राहणार आहे. शेजारच्या प्लाचीनं आणि मी मिळून समिती काढली आहे. तुमचं नाव आहे म्हणून नव्हे. तिथं पोप राहायला येणार असता तरी मी हेच केलं असतं.

कारण बर्फ. तू पाळण्यात होतीस, त्या हिवाळ्यात वरून सुटलेला बर्फ लार्चची अर्धी रांग आडवी करून थेट पाण्याच्या हौदापर्यंत आला होता. आपल्या गोठ्याचं दार त्यानं आत ढकललं. तुझे बाबा पुढं तीस हिवाळे त्या उतारावर पहारा देत राहिले, ते काही हौस म्हणून नाही. अशा जागी लेकराबाळांची घरं बांधायची म्हणजे काय?

तुझी इनेश आता शाळेत जाण्याजोगी झाली असेल. तिला दूध चालतं का? लहानपणी तुला चालत नव्हतं.

बार्ला
(तुझी आई. खाली काय लिहावं ते कळेना.)


सुरवाल्द, १४ मे

ओन्ना,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत होते असं समजू नकोस. पोस्टाची गाडी येते तेव्हा मी तशीही अंगणातच असते.

आमची समिती जोरात आहे. प्लाची म्हणजे तुला माहीत आहे, साठ उन्हाळे गुरांमागे डोंगरावर काढलेला माणूस. त्याला माणसांशी बोलायचं म्हणजे तो आधी घसा खाकरतो आणि मग निघून जातो. त्यानं आपल्या परीनं प्रचार केला. घरातल्या जुन्या गायींच्या घंटा काढल्या आणि एकेका खांबाला बांधून आला. आता वारा सुटला की सगळा उतार वाजतो. खालच्या कुरणातल्या गाई दचकून वर बघतात, आणि मग माना खाली घालतात, कारण वर कुणीच नसतं. पहिले दोन दिवस गाव हसलं. आता कुणी हसत नाही. झोपमोड होते म्हणून लुरेननं तक्रार केली, तर प्लाची त्याला म्हणाला, "तीन इमारती झाल्या की तुला शांत झोप लागेल होय रे?"

गिएरी गावाचा अध्यक्ष झालाय हे तुला कळलं असेल. तोच तुझ्या वर्गातला गिएरी, ज्याला आपल्या घरी जवाचं सूप लागायचं. त्याचं म्हणणं पडलं की हे मतदान चिठ्ठीनं घ्यावं. घरी बसून खूण करायची, पाकीट पेटीत टाकायचं. मी बैठकीत उभी राहिले आणि म्हटलं, "गिएरी, तुझ्या आजोबांनी या गावात हात वर करून मत दिलं. माझ्या नवऱ्यानं दिलं. ज्याला 'हो' म्हणायचंय त्यानं माझ्या डोळ्यांत बघून म्हणावं."

"काकू, म्हणूनच तर चिठ्ठी म्हणतोय मी," तो म्हणाला. "तुमच्या डोळ्यांत बघायची हिंमत आहे कुणाची?"

सगळे हसले, पण जिंकले मीच. हात वर करूनच होणार.

पत्रक छापलंय. त्यात वर मोठ्या अक्षरांत आहे, 'तीस हिवाळे बर्फावर पहारा देणारे क्लाउ आज असते, तर नाही म्हणाले असते.' प्लाचीला ते फार आवडलं. एक प्रत सोबत ठेवते.

आणखी एक. नेसा मला विचारत होती की लेक येत का नाही. मी म्हटलं, तिलाच विचार. बाबांच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाला मी रुईला घरच्यांच्या टेबलावर बसवलं नाही, शवपेटी उचलणाऱ्यांच्या टेबलावर बसवलं. तू ताट तसंच टाकून उठलीस आणि त्याला घेऊन गेलीस, ती गेलीसच. त्यावर मी काही लिहिणार नाही. आमच्या टेबलावर जागाच कमी होती.

बार्ला


सुरवाल्द, २१ जून

ओन्ना,

काल गिएरी घरी आला होता. दार वाजवून आत आला, बूट बाहेर काढले, बाबांच्या खुर्चीवर बसायला लागला आणि मग स्वतःच दुसऱ्या खुर्चीवर सरकला. पोरगं चांगलं आहे. मी मांगोल्डच्या पानात पीठ गुंडाळून कापुन्स केले होते, ते वाढले. खाता खाता तो म्हणाला, "काकू, शाळेत अकरा मुलं उरलीत."

"माहीत आहे."

"पुढच्या वर्षी आठ. वरून निरोप आलाय, आठ झाली की शाळा बंद. मुलं बसनं खाली जाणार."

"मग तू जन्माला घाल की. तुला कोण अडवतंय?"

"माझी दोन आहेत, तिसऱ्याला बायको तयार नाही." तो हसला, पण ताट बाजूला सरकवलं. "काकू, तुमची नातसुद्धा त्या शाळेत येईल. नाव नोंदवलंय त्यांनी. तुम्हाला नकोय का ते?"

मी म्हटलं, "मला माझी नात बर्फाखाली नकोय."

तो हळूच म्हणाला, "वर लोखंडी कुंपणं घातलीत ना आता. बर्फ तिथंच अडतो. ती घालायला क्लाउकाका स्वतः होते. मी दोर धरायला होतो त्यांच्यासोबत. काकू, खरं सांगा. झाल्यावर काका काय म्हणाले होते?"

मी त्याला कॉफी हवी का विचारलं. तो म्हणाला, नको. तरी मी केली.

कॉफी पिऊन तो गेला. जाताना दारात उभं राहून उताराकडं बघत होता. वारा होता, त्यामुळं प्लाचीच्या घंटा वाजत होत्या. तो म्हणाला, "तुम्ही दोघांनी मिळून आख्ख्या गावाला घाबरवलंत. लुरेनची आई आता खिडकीपाशी झोपत नाही." मी म्हटलं, भीती असलेली बरी.

तो निघून गेल्यावर उरलेले कापुन्स मी खाल्ले नाहीत. प्लाचीच्या कुत्र्याला दिले.

इलान्त्समध्ये उकाडा असेल. तुमची खोली चौथ्या मजल्यावर आहे म्हणे, आणि खाली रस्ता. मुलीला खेळायला कुठं नेतेस?

बार्ला


सुरवाल्द, ३० ऑगस्ट

ओन्ना,

तुझं कार्ड आलं. चार वर्षांत पहिलं. पोस्टवाल्यानं हातात दिलं तेव्हा मी ते उलटं धरलं होतं, त्याला वाटलं मला चष्मा हवाय. एकच ओळ आहे. 'पत्रकात बाबांचं नाव घालू नकोस.' खाली नुसतं ओन्ना.

मी ते फळीवर, घड्याळाजवळ ठेवलंय. रोज वाचते. त्यामुळं आता लिहिते, आणि जे लिहिते ते एकदाच लिहिणार आहे.

एप्रिलमध्ये मी खिडकी लावून घेतली नाही. मी थर्मासमध्ये कॉफी भरली, दोन कप घेतले आणि वर गेले. चढताना दोनदा थांबावं लागलं. रुई उठून उभा राहिला. मला काय हाक मारावी ते त्याला कळेना. आई म्हणेना, बार्लाबाईही म्हणेना. शेवटी म्हणाला, "ओन्नाची आई, बसा ना." मी दगडावर बसले. त्यानं कॉफी घेतली आणि मग मला तो कोपऱ्यातला खांब दाखवला, लार्चच्या सगळ्यात जवळचा. म्हणाला, "हा आमचा. दुसरा मजला. नाव दिलंय. इथं स्वयंपाकघर येणार." आणि हात सरळ समोर केला. समोर माझी खिडकी होती. तो म्हणाला, "संध्याकाळी दिवा लागला की तुम्हाला दिसेल. तुमचा आम्हाला." हसला. त्याचा एक दात पडलाय.

मी विचारलं, "ओन्ना काय म्हणते?"

तो म्हणाला, "ती म्हणते, गाव तर गाव. आईकडं जायचंच असं नाही."

त्यानं ते वाईट मनानं सांगितलं नाही. त्याला वाटलं असेल, मला धीर येईल. मी कप गोळा केले आणि खाली आले. त्याच संध्याकाळी प्लाचीकडे गेले आणि म्हटलं, समिती काढू.

आता कळलं ना? बर्फ नव्हता. माझी एकटीची गोष्ट होती. तू समोर राहणार, रोज संध्याकाळी तुझा दिवा लागणार, इनेश अंगणात पळताना दिसणार, आणि तुम्ही माझ्याकडे येणार नाही. हौदावर पाणी भरताना दिसशील आणि मान फिरवशील. हे मला रोज बघायचं नव्हतं. तू इलान्त्समध्ये असलीस की निदान मी स्वतःला सांगू शकते, की लांब आहे म्हणून येत नाही. एवढंच होतं ते. त्यासाठी मी लुरेनच्या म्हातारीची झोप उडवली.

आणि बाबांबद्दल. कुंपणं झाली त्या शरद ऋतूत आम्ही दोघं अंगणात बाकावर बसलो होतो. त्यांना तेव्हाच दम लागायला लागला होता. ते उताराकडं बघत म्हणाले, "बार्ला, आता लार्चच्या खाली कुणी घर बांधलं तरी मी शांत झोपेन." मी म्हटलं, कोण बांधतंय तिथं? ते म्हणाले, "कुणी का बांधेना." हे मला गिएरीनं विचारलं तेव्हाही आठवत होतं आणि पत्रक छापलं तेव्हाही.

तू विचारशील, मग मागे का घेत नाहीस. सांगते. प्लाचीनं उन्हाळाभर दारोदार हिंडून माणसांशी बोलून दाखवलंय. ज्यानं आयुष्यात कधी कुणाशी दोन वाक्यं बोलली नाहीत, त्यानं. माझ्या शब्दावर. त्याच्या डोक्यात खरोखरच बर्फ आहे. त्याचा भाऊ त्या हिवाळ्यातच गेला, हौदाजवळ. मी ते विसरले नव्हते, ओन्ना. मी ते वापरलं.

सभा सोळा ऑक्टोबरला आहे. मी काय करणार ते मला माहीत नाही. पत्रकं उरली होती ती मी चुलीत घातली, पण गावात ती घरोघरी भिंतीवर लागलीत.

बार्ला


सुरवाल्द, १७ ऑक्टोबर

ओन्ना,

रुईनं तुला सांगितलं असेल. नसेल सांगितलं तर मी सांगते. आणि सांगितलं असलं तरी माझ्याकडून ऐक, कारण तो मागच्या बाकावर होता आणि तिथून सगळं ऐकू येत नाही.

शाळेच्या व्यायामशाळेत सभा भरली. एवढी माणसं मी तिथं बाबांच्या सत्कारालाही पाहिली नव्हती. मत देणारे पुढं, मत नसलेले बाहेरचे लोक मागे वेगळ्या बाकावर, चढायचे दोर लोंबतात तिथं. रुई तिथं बसला होता. कामाच्या कपड्यांतच, टोपी गुडघ्यावर. ज्यांना त्या घरांत राहायचं आहे त्यांतल्या बहुतेकांना मत नाही आणि ज्यांना आहे त्यांतल्या बहुतेकांना तिथं राहायचं नाही, हे गिएरीनं सुरुवातीलाच सांगितलं. कुणीतरी टाळी वाजवली आणि थांबलं.

मग गिएरी म्हणाला, "आता समितीतर्फे बार्लाकाकू बोलतील."

मी उठले. हातात कागद होता, तो तसाच ठेवला. मी म्हटलं, "पत्रकात लिहिलंय की क्लाउ असता तर नाही म्हणाला असता. ते मी लिहिलंय. क्लाउ असं कधी म्हणाला नव्हता. कुंपणं झाल्यावर तो मला म्हणाला होता, लार्चच्या खाली आता कुणी घर बांधलं तरी मी शांत झोपेन. हे त्याचे शब्द आहेत. बाकीचं सगळं माझं." आणि बसले.

लुरेन उठला. "म्हणजे उन्हाळाभर आमची चेष्टा चालली होती काय? माझी म्हातारी आई रात्र रात्र बसून काढते!"

"चेष्टा नव्हती," मी म्हटलं.

"मग काय होतं?"

तुला लिहिलं ते शंभर माणसांपुढं सांगायचं मला जमलं नाही.

तेव्हा प्लाची उभा राहिला. घसा खाकरला. मला वाटलं आता नेहमीसारखा निघून जाईल. तो गेला नाही. माझ्याकडं न बघता म्हणाला, "बार्ला वाईट बाई नाही. पण तिच्या लेकीला त्या घरात यायचंय. मायेपोटी माणूस काहीही बोलतं. पाच महिने जी बार्ला बोलली ती खरी, की आत्ता बोलली ती, तुम्हीच ठरवा. मी तर माझ्या भावाला त्या हौदाजवळून उकरून काढलंय." आणि बसला.

मला त्याचा राग आला नाही. कुणी माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलून माझा इतका मोठा खोटेपणा पक्का केला, असं कधी झालं नव्हतं.

गिएरीनं मत मागितलं. "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत." आमच्या बाकांची मोजणी नेसाकडे होती. मी हात वर केला. आमच्या बाकावर माझाच एकटीचा. नेसा बोटानं मोजत मोजत आली, माझ्यापाशी थांबली आणि वाकून कानात म्हणाली, "बार्ला, अगं हात खाली घे. आत्ता 'हो'वाल्यांचे मोजतेय."

"मोज."

"अगं पण तू..."

"मोज ना, नेसा."

तिनं मोजला. लाल झाली होती. आख्खी खोली माझ्या हाताकडं बघत होती. हात जड होतो, ओन्ना, कुणी बघत असलं की. मी खाली घेतला नाही. पण मला दुसऱ्या बाकांवरचीही माणसं दिसत होती. प्लाचीच्या घरात भाड्यानं राहणारी दोन जोडपी, त्यांना पोरं आहेत, त्यांना ती घरं हवी होती हे गावाला ठाऊक आहे. चौघांनी आधी प्लाचीकडं पाहिलं आणि मग आपापल्या हातांकडं. हात मांडीवरच राहिले. चिठ्ठी असती तर त्यांनी 'हो' लिहिलं असतं. हात उघड असायला हवेत, हा हट्ट कुणाचा होता ते तुला माहीत आहे.

'नाही'चे हात वर झाले तेव्हा मी मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती. एका मतानं वगैरे नव्हे, चांगल्या फरकानं बांधकाम फेटाळलं गेलं. मी जे पेरलं ते माझ्या एका हातानं उपटलं जाणार नव्हतं.

रुईनं टोपी घातली. मी उठून त्याच्याकडं जायला निघाले. पण लोक बाक आवरायला लागले होते, मध्ये कुणी कुणी मला थांबवत होतं. काही जण थांबवतही नव्हते, नुसती वाट देत नव्हते. मी मागे पोचले तेव्हा दोर हलत होते आणि बाक रिकामा होता. शेवटची बस पकडायची असेल.

बाहेर गिएरी दिवे मालवत होता. म्हणाला, "काकू, बोललात ते बरं केलंत. पण हे एप्रिलमध्ये बोलायला हवं होतं." मी म्हटलं, हो. तो मला घरापर्यंत सोडायला आला.

झालं. तुझं घर मी घालवलं. त्याला दुसरं नाव देता येत नाही.

बार्ला


सुरवाल्द, २९ ऑक्टोबर

ओन्ना,

काल खांब काढून नेले. तिघं माणसं होती, त्यांत रुई नव्हता. मी विचारलं तर त्यांनी सांगितलं, त्यानं दुसरीकडचं काम मागून घेतलंय. घंटा काढायला प्लाची स्वतः गेला होता. तो आता कॉफीला येत नाही. दार वाजवलं तर उघडतो, आत बोलावत नाही. गावात सगळ्यांची धारणा अशी झालीय की मी लेकीसाठी नवऱ्याच्या तोंडी खोटं घातलं. खरं उलटं होतं. पण एकदा खोटं सांगून विश्वास मिळवलेल्या बाईनं कुणाकडं तक्रार करायची?

शाळेबद्दल गिएरीला पत्र आलंय. पुढच्या वर्षीपासून मुलं खाली जाणार.

कुरण परत दिसायला लागलंय. मला ते बघायला बरं वाटेल अशी माझी समजूत होती. नाही वाटत. तिथं एक कोपरा आहे, लार्चच्या सगळ्यात जवळचा, तिथं आता गवत दबलेलं आहे, आणि माझी नजर तिथंच जाते. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात दिवा लावते तेव्हा वाटतं, समोर लागायला हवा होता. तू मान फिरवली असतीस तरी चाललं असतं. तुझ्या खिडकीचा उजेड मला दिसला असता. आजारी पडलीस, तर उशिरापर्यंत दिवा चालू राहिला म्हणून कळलं असतं. इनेशला ताप आला तर कळलं असतं. मी घाबरले ती कशाला, तर हे सगळं दिसेल म्हणून. इतकी मूर्ख बाई या गावात दुसरी नसेल.

मग काल मी बसचं वेळापत्रक काढून बसले. चार वर्षं मी मनात धरून बसले होते की तू लांब गेलीस. तुझी खिडकी समोर दिसू नये म्हणून मी सगळं गाव उठवलं, आणि जी खिडकी तुला आहे ती बघायला एकदाही खाली उतरले नाही. बाबा गेल्यापासून मी एकच मोजत होते, आधी कोण येतं ते. तू येशील, मग मी बोलेन. रुई माफी मागेल, मग मी जेवायला वाढेन. त्यानं कशाची माफी मागायची होती ते मला आता कितीही आठवलं तरी सापडत नाही.

टेबलावर जागा होती, ओन्ना. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी कोट टाकला होता त्यांवर.

येत्या रविवारी चर्चनंतरच्या पिवळ्या बसनं मी इलान्त्सला येते आहे. तुमच्या इमारतीचा पत्ता पाकिटांवर लिहून लिहून मला पाठ झालाय. चौथ्या मजल्यापर्यंत जिने चढायला मला वेळ लागेल, पण मी चढेन. एकदाच घंटी वाजवेन. दार उघडायचं की नाही ते तू आणि रुई ठरवा, मी त्यावर काही म्हणणार नाही. उघडलं नाहीत तर मी जिन्यावर बसेन आणि परतीची बस आली की निघेन. त्याच्या पुढच्या रविवारी परत येईन. मी किती हट्टी आहे ते सुरवाल्दनं उन्हाळाभर बघितलंय, आता तुम्ही बघा.

मी काहीही मागायला येत नाही. घरही देऊ करायला येत नाही, कारण तसं केलं तर तू म्हणशील की आता घालवलेल्या घराची भरपाई करतेय. नाशपातीचा पाव करून आणणार आहे, तेवढाच.

आणि इनेशनं दाराच्या फटीतून बघून विचारलं, की जिन्यावर ती म्हातारी कोण बसलीय, तर काय सांगायचं ते तू ठरव. तू सांगशील ते मी मान्य करेन.

आई